आयसी टाकली की फझ का बिघडतो? सीए-३०४६ आणि तेरावी पिन

"दादा, सुटे ट्रान्झिस्टर होते तोवर झकास वाजत होतं. आयसी टाकली आणि वाट लागली." फझ म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं पेडल. ते घरी बनवणाऱ्यांकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की आता समोरच्याने पिशवीतून पेडल काढायच्या आत मी विचारतो, "तेरावी पिन कुठे गेलीय?" बरेच जण गप्प होतात. काही जण म्हणतात, "तेरावी म्हणजे पाचव्या ट्रान्झिस्टरचा एमिटर ना? तो फझच्या पॉटला, म्हणजे फिरवायच्या बटणाला, गेलाय." तिथेच घोडं पेंड खातं.

आयसी म्हणजे इथे सीए-३०४६. आरसीए कंपनीच्या जमान्यातली, चौदा पिनांची, आत पाच एनपीएन ट्रान्झिस्टर. एलएम-३०४६, सीए-३०८६ ही तिचीच भावंडं. पिना त्याच. आपल्या कामापुरता फरक इतकाच की ३०८६मध्ये पहिली जोडी एकमेकांशी जुळलेली असेलच अशी हमी नाही. घरी पेडल बनवणाऱ्याला ही आयसी का भुरळ घालते ते मला कळतं. फझ फेस आणि बिग मफ ही दोन गाजलेली फझ पेडलं. पहिल्याला दोन ट्रान्झिस्टर लागतात, दुसऱ्याला चार, आणि इथे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकड्यात पाच बसलेले. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या तयार बोर्डावर) जागा वाचते, आणि डबा उघडून दाखवला की मित्रांवर छापही पडते. अडचण अशी, की डेटाशीटच्या चित्रात पाच सुटे ट्रान्झिस्टर दिसतात आणि आपण तेच खरं धरून चालतो. सबस्ट्रेटची, म्हणजे सगळे ट्रान्झिस्टर ज्या तुकड्यावर बसलेत त्याची, गोष्ट खाली तळटीपेत असते. तळटीप कोण वाचतं?

पिनांची वाटणी आधीच सांगून टाकतो, पुढे सारखी लागेल. १, २, ३ म्हणजे पहिल्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्याचा एमिटर तीच पिन ३, बेस ४, कलेक्टर ५. म्हणजे पहिले दोघे एमिटरला चिकटलेले जुळे भाऊ. तिसऱ्याचा बेस ६, एमिटर ७, कलेक्टर ८. चौथ्याचे त्याच क्रमाने ९, १०, ११. पाचव्याचे १२, १३, १४. आणि १३वर नुसता एमिटर नाही, अख्ख्या आयसीचा सबस्ट्रेट आहे.

पाच बिऱ्हाडं, एक मोरी

पाचही ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बसलेले असतात. तो तुकडा पी जातीचा, प्रत्येकाचा कलेक्टर एन जातीचा. पी आणि एन एकमेकांना लागले की डायोड तयार होतो, आपल्याला हवा असो वा नसो. म्हणजे प्रत्येक कलेक्टरखाली एक न मागितलेला डायोड आहे, आणि त्या पाचही डायोडांचं दुसरं टोक पिन १३वर एकत्र येतं.

जुन्या वाड्यात असतं तसं समजा. बिऱ्हाडं वेगळी, चुली वेगळ्या, पण सांडपाणी एकाच मोरीत. मोरी सगळ्यात खाली असेल तोवर कोणाचा कोणाला त्रास नाही. मोरी वर उचलली, की ज्याचं घर खाली त्याच्या घरात पाणी. म्हणून पिन १३ सर्किटमधल्या सगळ्यात ऋण बिंदूला जोडायची. आपल्या नेहमीच्या नऊ व्होल्टच्या पेडलात तो बिंदू म्हणजे ग्राउंड. थेट जोडायची, मध्ये शंभर ओहमचा रेझिस्टरसुद्धा नको.

ही अक्कल मला डेटाशीट वाचून आलेली नाही. पहिल्यांदा मी या आयसीवर फझ फेस बांधला तेव्हा पाचवा ट्रान्झिस्टर सर्किटमध्ये दुसऱ्या जागी घेतला, कारण १२, १३, १४ या पिना बोर्डाच्या कडेला येत होत्या आणि तिथून पॉटला वायर सोपी पडत होती. फझ फेसच्या दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा एमिटर १ के (किलोओहम) पॉटमधून ग्राउंडला जातो, आणि सिलिकॉनवर तो साधारण ०.९ व्होल्टवर बसतो. म्हणजे माझी मोरी ग्राउंडपासून पाऊण-एक व्होल्ट वर. वर शहाणपणा असा, की न वापरलेल्या ट्रान्झिस्टरांच्या सगळ्या पिना मी ग्राउंडला बांधल्या. मोकळी पिन सोडू नये, ही ऑपॅम्पच्या (तयार अँप्लिफायर आयसीच्या) दिवसांतली सवय.

आता काय होईल ते बघा. सबस्ट्रेट ०.९ला जाऊ बघतोय, आणि त्याच सबस्ट्रेटमधून निघणारे डायोड ग्राउंडला बांधलेल्या कलेक्टरांत उघडतायत. एमिटर ०.७च्या आसपास अडकला. फझ फेसमध्ये पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला करंट याच एमिटरवरून १०० के रेझिस्टरमधून मिळतो. एमिटर अडकला, बेस उपाशी राहिला, पहिला ट्रान्झिस्टर जवळजवळ बंद. तो बंद पडल्यावर ३३ के रेझिस्टरमधला सगळा करंट दुसऱ्याच्या बेसमध्ये घुसला आणि दुसरा पूर्ण उघडा. मी पिन १४ला मीटर लावून कलेक्टरचा ट्रिमपॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतोय, आणि आकडा पाऊण-एक व्होल्टाच्या वर यायला तयार नाही. एक रविवार तिथेच गेला.

दुसऱ्या रविवारी वैतागून न वापरलेल्या पिना सोडवल्या. लगेच पिन १४वर साडेचार व्होल्ट. आनंदीआनंद! गिटार लावली. हळू छेडलं तर बरं वाजतंय, जोरात तार मारली की स्वर एकदम फर्र करून गुदमरतोय आणि क्षणभराने परत येतोय. मीटर म्हणतोय सगळं ठीक. आणि तो खोटं बोलत नव्हता. गिटार शांत असताना सगळं ठीकच होतं. जोराचा सिग्नल आला की पहिल्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ०.१ व्होल्टपर्यंत खाली जातो, सबस्ट्रेट मात्र ०.९वर, मध्ये आठ दशांश व्होल्टाचा फरक. डायोड उघडतो, एमिटरचा करंट भलत्याच वाटेने जातो, आणि एमिटरला लावलेला २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुन्हा पहिल्या पातळीवर येईपर्यंत स्वर गेलेला असतो.

उपाय पाच मिनिटांचा. फझ फेसचा पहिला ट्रान्झिस्टर, ज्याचा एमिटर मुळातच थेट ग्राउंडला असतो, तिथे १२-१३-१४ लावा. दुसऱ्या जागी ६-७-८ किंवा ९-१०-११. बस. सर्किट तेच, आयसी तीच, फक्त बिऱ्हाडांची अदलाबदल. उरलेल्या ट्रान्झिस्टरांचे बेस आणि एमिटर ग्राउंडला बांधा. कलेक्टर मोकळा ठेवला काय, ग्राउंडला बांधला काय, १३ ग्राउंडला असताना फरक पडत नाही.

आयसी बसवायच्या आधी लाल काडी १३वर

मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल काडी पिन १३वर, आणि काळी काडी एकेक करून १, ५, ८, ११, १४वर टेकवा. पाचही ठिकाणी ०.६-०.७च्या आसपास आकडा यायला हवा. हे तेच पाच लपलेले डायोड. आले, तर समोरची आयसी खरोखर ३०४६च्या घराण्यातली आहे.

ही परीक्षा मी सोडत नाही. मोठ्या कंपन्यांनी या आयसी बनवणं थांबवलेलं असल्याने बाजारात जुना साठा, भंगारातून उपटलेला माल आणि वरचं नाव खरवडून नवीन छापलेला माल असं सगळं एकाच डबीत येतं. माझ्याकडे एकदा सीए-३०४६ असं ठसठशीत छापलेली आयसी आली होती. लाल काडी १३वर ठेवली तर काळी काडी फक्त १२ आणि १४वर बोलली, बाकी सगळीकडे सामसूम. म्हणजे १३ हा तिच्यात बेस होता. एमपीक्यू मालिकेतल्या आयसींची मांडणी तशी असते: चार वेगवेगळे ट्रान्झिस्टर, १-२-३ कलेक्टर-बेस-एमिटर, ५-६-७ उलट क्रमाने, समोरच्या बाजूला ८-९-१० आणि १२-१३-१४ तसेच, ४ आणि ११ रिकाम्या. दोन्ही चौदा पिनांच्या, दोन्ही एकाच सॉकेटात बिनतक्रार बसतात. एकीसाठी बांधलेल्या बोर्डात दुसरी गेली तर पहिला ट्रान्झिस्टर तेवढा बरोबर लागतो आणि बाकी सगळा गोंधळ. माणूस मग सोल्डरिंग तपासत बसतो.

तीच काडी हातात आहे तोवर एचएफईही (ट्रान्झिस्टर बेसचा करंट किती पट करतो तो आकडा) मोजून घ्या. नऊ व्होल्टपासून कलेक्टरला १ के, बेसला ८२० के, एमिटर ग्राउंडला, आणि १३ अर्थातच ग्राउंडला. बेसमध्ये जवळजवळ बरोबर १० मायक्रोअँपिअर जातात. १ केच्या दोन टोकांवर जेवढे मिलिव्होल्ट दिसतील त्याला दहाने भागा, तोच एचएफई. हजार मिलिव्होल्ट आले तर शंभर. ३०४६मध्ये शंभरच्या आसपासच येतं, आणि पुढच्या निम्म्या तक्रारी याच आकड्यातून निघतात.

स्वर तुटतो, पण १३ ग्राउंडलाच आहे

मग बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर बसतो ती पातळी. फझ फेसचे मूळचे आकडे जर्मेनियमसाठी ठरलेले. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर कंपनीने तो काढला तेव्हा आत जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, आणि जर्मेनियमचा बेस-एमिटर व्होल्टेज सिलिकॉनपेक्षा बराच कमी. तोच आराखडा जसाच्या तसा उतरवून आत ३०४६ बसवली तर गणित असं होतं: पहिल्या ट्रान्झिस्टरमधून साधारण ०.२३ मिलिअँपिअर. एचएफई शंभर, म्हणून बेसला २.३ मायक्रोअँपिअर. ते १०० केमधून आणायला ०.२३ व्होल्ट खर्च. त्यात बेसचे ०.६५ मिळवा, दुसऱ्याचा एमिटर ०.८८ व्होल्टवर. १ केच्या पॉटमधून म्हणजे ०.८८ मिलिअँपिअर. हाच करंट ८.२ के अधिक ४७० ओहममधून ओढला की साडेसात-पावणेआठ व्होल्ट तिथेच गळतात, आणि कलेक्टरला उरतात १.४. खाली एमिटर ०.९वर. हलायला जागा अर्धा व्होल्ट. फुलपात्रात पोहायला सांगितल्यासारखं.

८.२ के काढा आणि ४.७ के लावा, कलेक्टर साडेचारच्या जवळ येईल. १० केचा ट्रिमपॉट असेल तर उत्तमच, कानाने जुळवता येतो. काही जणांना साडेचारपेक्षा थोडा वर, काहींना खाली आवडतो. मला पाचच्या जवळचा आवडतो, स्वर विरताना जरा गोड विरतो. बीसी-५४७सी सारखा ४२०च्या वर एचएफई असलेला ट्रान्झिस्टर याच जागी असता तर एमिटर ०.७च्या आसपास बसला असता आणि कलेक्टर आपोआप तीनच्या आगेमागे. म्हणून सुट्या ट्रान्झिस्टरवर "चालून गेलं" आणि आयसीवर नाही. इथे आयसी निर्दोष आहे.

एक गोष्ट मात्र आयसीच्या बाजूने सांगायला हवी. शंभरचा एचएफई फझ फेससाठी कमी नाही. जर्मेनियमवाले मुद्दाम सत्तर ते सव्वाशेच्या टप्प्यातले ट्रान्झिस्टर निवडून घेतात. बायस नीट बसवला की ३०४६चा फझ फेस नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा कमी किरकिरा वाजतो, आणि मे महिन्यातल्या उघड्या मांडवातही तसाच वाजतो. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. विदर्भातल्या उन्हाळ्यात जर्मेनियमचा फझ घेऊन स्टेजवर गेलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

बिग मफ: चार हवेत, मिळतात साडेतीन

बिग मफ बांधणाऱ्यांची गोची वेगळी. चारही टप्प्यांत एमिटरखाली स्वतंत्र रेझिस्टर. ३०४६मध्ये तिसरा आणि चौथा पूर्ण स्वतंत्र. पहिल्या-दुसऱ्याचा एमिटर सामाईक, म्हणून त्या जुळ्यांतला एकच कामाचा, दुसऱ्याचा बेस पिन ३लाच बांधून गप्प बसवायचा. झाले तीन. चौथा म्हणजे तेराव्या पिनवाला, आणि त्याच्या एमिटरखाली रेझिस्टर चालत नाही.

लोक इथे काय करतात? १३ पिनखाली १०० ओहम लावून टाकतात, "एवढ्याशाने काय होतंय" म्हणत. डीसीला खरंच काही होत नाही, एमिटर जेमतेम ०.०५ व्होल्ट वर उचलला जातो. पण सबस्ट्रेट सिग्नलबरोबर हलायला लागतो आणि हलणारा सबस्ट्रेट चारही टप्प्यांच्या कलेक्टरांना टेकलेला आहे. एवढ्या गेनच्या, म्हणजे सिग्नल इतका वाढवणाऱ्या, सर्किटमध्ये थेंबभर गळतीही पुरते.

त्यापेक्षा दुसऱ्या क्लिपिंग टप्प्यातला (जिथे लहरीचे शेंडे कापले जातात) १०० ओहम काढूनच टाका आणि तिथे पाचवा ट्रान्झिस्टर बसवून १३ थेट ग्राउंडला द्या. कलेक्टर पाव व्होल्टाच्या आत सरकतो, त्या टप्प्याचा गेन थोडा वाढतो, धार थोडी तिखट होते. मला ती आवडली. शुद्धतावादी मंडळींनी खाली दिलेली सीए-३०८३ बघावी.

दुसरं, बायस इथेही सरकतो. कलेक्टरला १० के, कलेक्टर ते बेस ४७० के, बेस ते ग्राउंड १०० के हा पहिल्या तीन टप्प्यांचा नेहमीचा साचा. एचएफई चारशे असताना कलेक्टर सव्वाचारच्या आसपास बसतो, शंभर असताना पाच-साडेपाचवर जातो. वाजतं, पण वरची बाजू आधी चेपली जाते आणि आवाज जरा कोरडा लागतो. ४७० केच्या जागी ३३० के लावला की कलेक्टर परत सव्वाचारच्या जवळ. तिन्ही टप्प्यांना मी हे करत बसत नाही, दोन क्लिपिंग टप्प्यांना करतो.

शिट्टी आणि रेडिओ

शिट्टी वाजत असेल तर आधी इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा. तरीही शिट्टी चालू राहिली तर चोर घरातच आहे. पेडल बॅटरीवर ठेवून पिन १३ला बोट लावा. सूर बदलला तर १३ ग्राउंडला पोचलेली नाही. सोल्डर दिसतोय पण पकडलेला नाही, किंवा व्हेरोबोर्डची पट्टी चुकीच्या जागी कापली गेलीय. प्रत्येक कलेक्टर सबस्ट्रेटशी दोन-तीन पिकोफॅरडने जोडलेला असतो, आणि सबस्ट्रेट मोकळा असला की त्यावरून एकमेकांशीही जोडला जातो. ऐकायला काहीच नाही, पण शेवटच्या टप्प्याचा मोठा सिग्नल पहिल्या टप्प्यात परत आणायला तेवढं पुरतं.

१३ पक्की असूनही शिट्टी असेल, तर सप्लाय. आयसीच्या अगदी अंगाला १०० नॅनोफॅरड आणि जवळपास १०० मायक्रोफॅरड लावा, इनपुटची आणि आउटपुटची वायर एकमेकींपासून लांब न्या. चौदा पिनांच्या आयसीत पहिला आणि शेवटचा टप्पा आपण नकळत समोरासमोर आणून ठेवतो. सुट्या ट्रान्झिस्टरांत ते दोघे बोर्डाच्या दोन टोकांना असायचे. टप्पे वाटून देताना कागदावर एकदा आयसी काढून बघा, कोण कोणाच्या शेजारी येतोय.

रेडिओचं मूळ वेगळं. या आयसीतले ट्रान्झिस्टर रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठी बनलेले, त्यांचा एफटी (ज्या फ्रिक्वेन्सीपर्यंत ट्रान्झिस्टर करंट वाढवू शकतो ती) ५५० मेगाहर्ट्झच्या घरात. गिटारला पाच किलोहर्ट्झपलीकडे फारसं काही नको असतं. लांब वायर अँटेना होते, पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस डिटेक्टर होतो, आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत अॅम्पमधून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज ऐकू येतो. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरड लावा. पाय कापून अगदी पिनांवरच. बहुतेक वेळा एवढ्यात भागतं. डबा प्लास्टिकचा असेल तर मात्र आधी अॅल्युमिनियमचा आणा, मग माझ्याशी बोला.

आणि अठरा व्होल्ट नको. या ट्रान्झिस्टरांची कलेक्टर-एमिटर मर्यादा १५ व्होल्टची. रेग्युलेटर नसलेले जुने "९ व्होल्ट" अॅडाप्टर लोड नसताना बारा-तेरा देतात, तेवढं ती सोसते. मुद्दाम अठरा देणाऱ्याची आयसी मी परत तपासत नाही.

मग घ्यायची कोणती

सर्किटचा कागद समोर ठेवून एकच मोजणी करा: किती एमिटर थेट ग्राउंडला आहेत आणि किती रेझिस्टरवर. दोन ट्रान्झिस्टरचा फझ फेस असेल तर ३०४६ किंवा ३०८६ पुरते. एमिटर सगळे उचललेले असतील तर सीए-३०८३ शोधा. सोळा पिना, पाच स्वतंत्र एनपीएन, आणि सबस्ट्रेट वेगळा, पिन ५वर. ती पिन ग्राउंडला टाकली की पाचही एमिटर तुमचे. नाव वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. सीए-३०८१मध्ये सात ट्रान्झिस्टर आहेत म्हणून ती जास्त फायद्याची वाटते, पण सातांचा एमिटर एकच. ३०८२मध्ये सातांचा कलेक्टर एकच. दोन्ही डिस्प्लेचे दिवे पेटवायला बनलेल्या.

सर्किटमध्ये एनपीएन आणि पीएनपी दोन्ही लागत असतील तर सीए-३०९६: तीन एनपीएन, दोन पीएनपी, सबस्ट्रेट पिन १६वर. तिचे पीएनपी आडव्या बांधणीचे, संथ आणि कमी गेनचे, पण फझमध्ये संथपणा दोष नाही, उलट कडा मऊ होतात. एमपीक्यू-३९०४सारख्या आयसीत चार वेगळे तुकडे एका खोक्यात भरलेले असल्याने सबस्ट्रेटचा प्रश्नच नाही. मिळाली तर बिग मफसाठी सगळ्यात बिनकटकटीची हीच. दॅट-३०० मालिकाही अशीच स्वतंत्र, ट्रान्झिस्टर एकमेकांपासून काचेसारख्या थराने अलग केलेले, आवाजाला अतिशय शांत. पण फझला शांत आयसी म्हणजे मिसळीला गुलाबपाणी.

आता यूएलएन-२००३. लॅमिंग्टन रोडवर मागा, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास मागा, पहिल्याच दुकानात मिळते, म्हणून दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नको. ती रिले आणि स्टेपर मोटर चालवायची आयसी आहे. सातही जोड्या डार्लिंग्टन (एक ट्रान्झिस्टर दुसऱ्याचा बेस चालवतो अशा), सगळ्यांचा एमिटर पिन ८वर एकत्र, प्रत्येक बेसला आतच २.७ केचा रेझिस्टर आणि बेसपासून ग्राउंडला आणखी सुमारे दहा केची गळती. हे रेझिस्टर काढता येत नाहीत. गिटारच्या पिकअपवर एवढा भार टाकला की ट्रेबल गेलाच, आणि उघडली तरी कलेक्टर एक व्होल्टाच्या आसपासच थांबतो. आवाज येईल. तो फझ म्हणून खपेलही. पण त्यात पुढे काही सुधारता येणार नाही, कारण जे सुधारायचं ते सगळं प्लास्टिकच्या आत.

खरं सांगायचं तर नव्या माणसाला मी आधी चार बीसी-५४७बी घ्यायला सांगतो. चहाच्या पैशात होतात, जळले तर दुःख नाही, आणि एचएफई मोजून हवे ते हव्या त्या जागी लावता येतात. आयसीची जागा जिथे सुटे ट्रान्झिस्टर खरोखर कमी पडतात तिथे, आणि फझच्या दुनियेत अशी जागा मला एकच ठाऊक आहे: ऑक्टेव्ह फझ. त्यात दोन ट्रान्झिस्टरांच्या बेसला एकच सिग्नल सुलट आणि उलट असा देतात आणि कलेक्टर एकत्र जोडतात. प्रत्येक लहरीचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला दुमडले जातात, फ्रिक्वेन्सी दुप्पट होते, वरच्या सप्तकाचा स्वर उमटतो. दोघांत जरा फरक असला की एक अर्धा मोठा, एक लहान, आणि मूळ स्वर मध्ये डोकावत राहतो. सुट्यांतून जुळणारी जोडी शोधायला मी एकदा चाळीस ट्रान्झिस्टर मोजले होते. ३०४६च्या १ ते ५ पिनांमधल्या जुळ्यांचा बेस-एमिटर फरक पाच मिलिव्होल्टांच्या आत असल्याची हमी डेटाशीटच देते, आणि एमिटर आधीच जोडलेले. ऐकताना नेक पिकअप घ्या, गिटारचा टोन उतरवा आणि बाराव्या फ्रेटच्या वर एकच तार वाजवा. तिथे सप्तक सगळ्यात स्वच्छ निघतं.

फक्त १ ते ५च वापरताय म्हणून १३ मोकळी सोडू नका. मागच्याच आठवड्यात एकाने सोडली होती.